मॉडेल किटसाठी अ‍ॅनिमेटेड जोडणी गाइड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ३ मिमी एमडीएफची (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाची) लेझर-कट किट बनवते. त्यातलं सगळ्यात जास्त जाणारं किट म्हणजे बैलगाडी, एकूण ७७ तुकडे, आणि त्याच्यासोबत छापील कागद आणि क्यूआर कोड स्कॅन केला की उघडणारा अ‍ॅनिमेटेड गाइड असतो. तो गाइड बघून बरेच जण विचारतात की हे कसं केलं, आमच्या किटसाठी आम्हाला जमेल का, कुठलं सॉफ्टवेअर, किती वेळ लागतो. दरवेळी मेसेजमध्ये अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते. सगळी उदाहरणं बैलगाडीचीच आहेत कारण तीच माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेली आहे.

मुळात अ‍ॅनिमेशनची गरज आहे का? चांगला छापील कागद पुरत नाही का?

पुष्कळदा पुरतो. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यावरचं बरंच संशोधन एकत्र तपासलं होतं आणि त्यांना दिसलं ते असं की हलणारं चित्र हे नीट काढलेल्या स्थिर चित्रांपेक्षा आपोआप जास्त समजतं असं नाही, कारण बरेचदा ते इतकं भरभर किंवा इतकं गुंतागुंतीचं असतं की डोळ्याला पकडताच येत नाही. मी हे वाचलं तेव्हा माझा पहिला गाइड अर्धा झाला होता आणि मी तो टाकून परत सुरू केला, कारण माझ्याही गाइडमध्ये सहा तुकडे एकदम उडत येऊन बसत होते, दिसायला भारी पण समोर बसलेल्याला काय कळणार त्यातून.

अ‍ॅनिमेशन खरंच कामाला येतं ते जिथं दिशा आणि क्रम महत्त्वाचा असतो तिथं. तुकडा वरून खाली बसतो की बाजूनं सरकवायचा, आधी तिरका घालून मग सरळ करायचा का, आत घातल्यावर फिरवायचा का. बाण काढून हे कागदावर दाखवता येतं पण ‘तिरका घालून मग सरळ’ हे बाणानं दाखवायला गेलं की चित्रात नुसते बाणच दिसतात. तर माझं म्हणणं असं की दोन्ही द्या. कागद कायम द्याच, सगळ्यांकडे नेट असतंच असं नाही आणि मुलांच्या हातात फोन द्यायचाच नाही असं ठरवलेले आईबाबा पण खूप असतात. गाइड तयार झाला की प्रत्येक स्टेपची शेवटची फ्रेम पीएनजी करून तीच कागदावर छापायची, म्हणजे कागद आणि व्हिडिओ एकमेकांशी जुळतात, रंगही तेच आणि नंबरही तेच.

सुरुवात कुठून करू? आधी सॉफ्टवेअर शिकू का?

नाही. आधी फोन स्टँडवर लावा, कॅमेरा वरून खाली टेबलाकडे, आणि ज्याने तुमचं किट कधीच बघितलं नाही अशा एखाद्याला तुकडे देऊन जोडायला बसवा, कागद न देता. तुम्ही गप्प बसायचं. अगदी गप्प, हे फार अवघड जातं, हात शिवशिवतात, पण बोलायचं नाही. मग ते रेकॉर्डिंग शांतपणे बघा आणि हात कुठं थांबला, तुकडा कुठं दोनदा फिरवून बघितला, कुठं चुकीचा बसवून परत काढला ते लिहून ठेवा. तुमच्या गाइडचा आराखडा तोच.

२००३ मध्ये कॉम्प्युटर ग्राफिक्सचे संशोधक मनीष अगरवाला आणि सहकाऱ्यांनी जोडणीच्या सूचनांवर काम केलं तेव्हा त्यांनीही असंच केलं होतं, लोकांना एक टीव्ही स्टँड सूचनांशिवाय जोडायला दिला आणि मग त्यांनाच दुसऱ्यांसाठी सूचना काढायला सांगितल्या. त्यातून जे निघालं ते आजही मला रोज उपयोगी पडतं: माणसाला मोठा तुकडा आला की त्याची स्वतंत्र पायरी हवी असते, आधी जोडलेलं दिसत राहायला हवं असतं, आणि नुसतं ‘झाल्यावर असं दिसेल’ यापेक्षा ‘हे असं आत जातं’ दाखवणारं चित्र जास्त पटतं.

आमच्याकडे पहिल्यांदा माझी नऊ वर्षांची भाची बसली होती. चाकाचे १२ आरे (स्पोक) तिने तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागाच्या, खाचांत एकेक करून घातले, आठव्या आऱ्याला पहिला निघून पडायचा, परत घालायची, परत पडायचा. मला वाटलं खाच सैल झाली, डिझाइन बदलावं लागणार. मग आजोबा आठवले. आमचे आजोबा सुतार, मिरजेजवळच्या गावात खऱ्या गाड्या करायचे, आणि ते चाक कधी उभं धरून आरे बसवायचे नाहीत, तुंबा आडवा ठेवून मग आरे ठोकायचे आणि घेराचा एक तुकडा दोन आऱ्यांवर, असे सहा तुकडे बसवले की गोल पूर्ण, वर धाव, म्हणजे लोखंडी कडं, तापवून चढवायची, ती गार झाली की आवळून बसते. माझ्या किटमध्येही तोच हिशोब आहे, १२ आरे आणि ६ घेराचे तुकडे. खाच बरोबरच होती, फक्त भाची चाक हातात उभं धरून जोडत होती आणि मी तिला आडवं ठेव असं कुठंच सांगितलं नव्हतं. आता गाइडमधली पहिलीच हालचाल म्हणजे तुंबा टेबलावर आडवा ठेवणं. त्यात तुकडा जोडला जात नाही तरी ती स्वतंत्र पायरी आहे.

कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

मी ब्लेंडर नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, कमर्शियल कामालाही चालतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि मराठीत नाही तरी हिंदीत भरपूर ट्युटोरियल आहेत. (२००२ मध्ये लोकांनी १ लाख युरो गोळा करून हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळं, करून घेतलं, मला ही गोष्ट फार आवडते.) तुमचं किट फ्यूजन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं असेल तर त्यातच अ‍ॅनिमेशनचा भाग आहे, भाग सुटे करून दाखवण्याची आपोआप सोय पण आहे, पर्सनल लायसन्स फुकट आहे पण ते धंद्यासाठी नाही हे लक्षात ठेवा. फ्रीकॅड या फुकट डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये १.० व्हर्जनपासून असेम्ब्लीचा, म्हणजे जोडणीचा, भाग आत आलेला आहे, भाग नीट बसतात का तपासायला चांगला, पण सुबक व्हिडिओसाठी मी शेवटी ब्लेंडरलाच येते.

लेझरची एसव्हीजी फाइल थेट ब्लेंडरमध्ये चालते का?

चालते आणि यातच सगळ्यात जास्त वेळ वाचतो, कारण कटिंगसाठी काढलेल्या रेषा एसव्हीजी फाइलमध्ये तुमच्याकडे आहेतच. एसव्हीजी इंपोर्ट केली की ती खूप बारीक येते, पहिल्यांदा वाटतं काही आलंच नाही, झूम करून बघा. मग एक माहीत असलेली लांबी मोजा, माझ्याकडे चाकाचा बाहेरचा व्यास ११० मिमी आहे, आणि त्यावरून सगळं एकदम स्केल करा. मी मुद्दाम दहापट मोठं करते, म्हणजे १ मिमीचा १ सेंमी. कारण असं की ब्लेंडरचा कॅमेरा सुरुवातीला १० सेंमीपेक्षा जवळचं काही दाखवत नाही, खऱ्या मापाचं छोटं मॉडेल जवळून बघायला गेलं की अर्धं कापल्यासारखं दिसतं आणि नवीन माणूस दोन दिवस डोकं धरून बसतो. ते सेटिंग बदलता येतं पण दहापट करणं सोपं.

स्केल अ‍ॅप्लाय करा, हे आधी, नाहीतर जाडी चुकते. मग कर्व्हला (एसव्हीजीच्या रेषा ब्लेंडरमध्ये कर्व्ह म्हणून येतात) जाडी द्यायची. इथं एक गोम आहे, एक्स्ट्रूड या जाडीच्या सेटिंगमध्ये टाकलेला आकडा दोन्ही बाजूंना लागतो, म्हणजे ३ सेंमी जाडी हवी तर १.५ टाकायचं. मी आधी ३ टाकून बसले होते आणि एकही तुकडा खाचेत बसेना, स्क्रीनवरच. आणि ३ मिमी म्हणून घेतलेला बोर्ड कायम ३ मिमी नसतो, कॅलिपरनं मोजा आणि जो खरा आकडा निघेल तो वापरा.

त्यानंतर प्रत्येक तुकडा वेगळा ऑब्जेक्ट करा, नाव द्या, ‘आरा १’, ‘आरा २’, ‘दांडी डावी’. कंटाळवाणं काम आहे पण ७७ तुकड्यांत ‘कर्व्ह शून्य शून्य चार सात’ शोधत बसायचं नसेल तर आत्ताच करा.

तुकडे हलवायचे कसे? मी सुट्या तुकड्यांपासून सुरू करते आणि शेवटी कुठंतरी अर्धा मिमी सरकलेलं राहतं.

उलटं करा. आधी पूर्ण जोडलेली गाडी तयार ठेवा, सगळे तुकडे जिथं बसायचे तिथं अचूक. मग प्रत्येक तुकड्याला त्याची शेवटची जागा म्हणून की-फ्रेम (या वेळी तुकडा इथं, अशी टाइमलाइनवरची खूण) द्या, टाइमलाइनवर मागे जा, तुकडा ज्या दिशेनं बाहेर निघतो त्या दिशेला ओढा आणि तिथं दुसरी की-फ्रेम द्या. म्हणजे तुम्ही गाडी उघडताय, आणि प्ले केलं की ती जुळते. शेवटची जागा कधीच चुकत नाही.

तुकडा किती लांब ओढायचा? माझा अंदाज असा की तुकड्याच्या स्वतःच्या लांबीपेक्षा थोडा जास्त, एवढाच. स्क्रीनच्या बाहेरून उडत आणू नका. आणि तो खाचेजवळ येताना हळू झाला पाहिजे, ब्लेंडर मुळातच सुरुवात आणि शेवट हळू करतो तर ते तसंच राहू द्या, फक्त खाचेत शिरायच्या आधी अर्धा सेकंद थांबवा. त्या अर्ध्या सेकंदात बघणारा खाच आणि तुकडा दोन्ही बघून घेतो. हा छोटा थांबा घातल्यापासून मला येणारे ‘हे उलटं बसतंय का’ वाले फोन खूप कमी झाले.

एका पायरीत किती तुकडे? बारा आरे बारा वेळा दाखवायचे का?

नाही दाखवायचे. पहिला आरा पूर्ण सावकाश, दुसरा जरा लवकर, आणि उरलेले दहा एकापाठोपाठ दोन-तीन सेकंदांत. पण मोठ्या अक्षरात ‘× १२’ दिसायला हवं आणि शेवटी सगळे बारा बसलेले दोन सेकंद स्थिर. दुसऱ्या चाकाला ‘हेच परत करा’ असं लिहून पुढं गेलं तरी चालतं.

याला अपवाद म्हणजे दांड्या. डावी आणि उजवी दांडी दिसायला सारख्या पण खाच विरुद्ध बाजूला. तिथं दोन्ही पूर्ण दाखवा आणि त्यांना वेगळे रंग द्या.

रंग कसे निवडायचे? एमडीएफ तर सगळं एकाच तपकिरी रंगाचं असतं.

आधी जोडलेलं सगळं फिकट करड्या रंगात, आत्ता बसणारा तुकडा एकाच ठळक रंगात, बस. मी केशरी वापरते. लाल आणि हिरवा एकमेकांसमोर वापरू नका, काही जणांना ते वेगळे दिसतच नाहीत, दांड्यांसाठी माझ्याकडे केशरी आणि निळा आहे. खरं लाकूड दिसावं म्हणून टेक्स्चर लावायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण टेक्स्चरमध्ये खाचा दिसत नाहीत. तुकड्यांच्या कडांना काळी रेघ दिली तर फारच फरक पडतो, ब्लेंडरमध्ये लाइन आर्ट नावाचा मॉडिफायर आहे त्याच्यासाठी.

कॅमेरा फिरवत ठेवला तर छान दिसतं ना?

दिसतं, पण नका करू. टेबलावर बसलेला माणूस स्वतः उठून टेबलाभोवती फिरत नाही, तो हातातली वस्तू फिरवतो. म्हणून गाइडमध्येही कॅमेरा आणि टेबल स्थिर ठेवायचं आणि गाडीच उलटी करून दाखवायची. साट्याच्या, म्हणजे गाडीच्या बसायच्या सांगाड्याच्या, खालून आडवे तुकडे जोडायचे असतात तिथं मी आधी कॅमेरा खाली नेला होता, आणि टेस्टला बसलेल्यांपैकी एकानेही साटा उलटा केला नाही, सगळे वाकून खालून बघत होते. नंतर साटाच पालथा पडताना दाखवला, लगेच सगळ्यांनी पालथा केला.

कॅमेऱ्याला ऑर्थोग्राफिक ठेवा, म्हणजे लांबचे तुकडे लहान दिसत नाहीत आणि माप डोळ्याला खरं वाटतं.

फेविकॉल कुठं लावायचा आणि कुठं नाही हे कसं दाखवायचं?

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि म्हणूनच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. पहिल्या व्हर्जनमध्ये चाक आसावर (चाकं ज्यावर फिरतात त्या दांड्यावर) सरकत येऊन बसायचं, मग ते निसटू नये म्हणून खीळ बसायची, आणि पुढची स्टेप. दिसायला बाकीच्या जोडणीसारखंच. लोकांनी काय केलं, बाकी सगळीकडे गोंद लावत आले होते तसा इथंही लावला. एका शाळेत ३० मुलांनी गाड्या केल्या आणि निम्म्याहून जास्त गाड्यांची चाकं फिरेनात. मुलं गाडी ढकलत होती आणि चाकं घासत जात होती. मी तिथं उभी होते. एक मुलगी म्हणाली ताई माझीच बिघडली का, आणि मला काय बोलावं सुचेना, कारण तिनं गाइडमध्ये दिसलं तसंच केलं होतं.

त्या रात्री दोन गोष्टी घातल्या. जिथं गोंद लागतो तिथं तुकडा बसायच्या आधी एक पिवळा थेंब दिसतो, आणि जिथं थेंब नाही तिथं गोंद नाही, हे पहिल्याच स्क्रीनवर सांगितलेलं असतं. आणि चाक आसावर बसून खीळ लागली की चाक एक पूर्ण वेढा फिरतं. फक्त एक वेढा, दीड सेकंद. ‘चिकटवू नका’ असं लिहून जे साधलं नसतं ते त्यानं साधलं, कारण आता मुलं चाक बसवल्यावर स्वतः एकदा फिरवून बघतात. तुमच्या किटमध्ये जे काही फिरतं, उघडतं, सरकतं ते बसल्यावर लगेच हलवून दाखवा.

स्पीड आणि फ्रेम रेट?

२४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं, पुरे. माझा साधा हिशोब: नवीन तुकडा टेबलावर दिसतो एक सेकंद, हालचाल दीड ते दोन सेकंद, खाचेपाशी अर्धा सेकंद थांबा, बसल्यावर एक सेकंद स्थिर. तुम्हाला हे फार संथ वाटेल कारण तुम्हाला किट पाठ आहे.

ब्लेंडरमध्ये मराठी अक्षरं मोडतात, वेलांटी भलतीकडे जाते. काय करू?

माझ्याकडेही मोडतात. मी वापरते त्या व्हर्जनमध्ये टेक्स्ट ऑब्जेक्टला जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट जमत नाही, ‘खीळ’ ठीक येतं पण ‘फिरवा’ बिघडतं. मी त्याच्याशी भांडणं सोडून दिलं. सगळी अक्षरं इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये लिहून पारदर्शक पीएनजी करते आणि एडिटिंगच्या वेळी व्हिडिओवर ठेवते. दुसरा फायदा असा की हिंदी किंवा कन्नड व्हर्जन करायचं तर रेंडर (थ्रीडीमधून अंतिम चित्रं तयार करणं) परत करावा लागत नाही, नुसत्या पट्ट्या बदलायच्या. फाँट म्हणून मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, दोन्ही मोकळे आहेत आणि छोट्या स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतात.

शब्द शक्य तितके कमी. पण तुकड्यांची नावं मात्र खरी लिहा, तुंबा, आरे, धाव, आस, साटा, जू (बैलांच्या मानेवरचं आडवं लाकूड), शिवळ (जुवात घालायची खुंटी). ‘पार्ट बी ७’ लिहून काम भागतं हे मला माहीत आहे, नंबरही मी देतेच, तुकड्याच्या मागे लेझरनं कोरलेला असतो. पण आजोबांच्या तोंडातले हे शब्द आता कुणाच्या कानावर पडत नाहीत आणि गाडी हातानं जोडता जोडता ते शब्द मुलांना येऊन जातात, न्यू जर्सीतल्या एका आईनं तर मला लिहिलं की मुलगा आता सायकलच्या स्पोकला आरे म्हणतो. याच्यासाठी मी दोन पट्ट्या जास्त खुशीनं बनवीन.

रेंडरला खूप वेळ लागतो आणि मध्येच लाइट गेली की सगळं जातं.

थेट व्हिडिओ म्हणून रेंडर करू नका, पीएनजीच्या फ्रेम्स म्हणून करा. ओव्हरराइटची टिक काढून टाका, म्हणजे लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला तरी परत सुरू केल्यावर झालेल्या फ्रेम सोडून तिथूनच पुढं चालतो. फक्त शेवटची फ्रेम अर्धवट लिहिली गेलीये का बघून ती पुसा.

हिशोब असा करा. तीन मिनिटांचा गाइड म्हणजे १८० सेकंद, २४ नं गुणलं की ४३२० फ्रेम. एका फ्रेमला १० सेकंद लागले तर १२ तास. ईव्हीमध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या जलद रेंडर इंजिनमध्ये, दीड सेकंदात फ्रेम झाली तर पावणेदोन तासांच्या आसपास. सायकल्सची, म्हणजे त्यातल्याच जास्त खरं दाखवणाऱ्या पण संथ इंजिनची, या कामाला गरजच नाही, सपाट रंग आणि काळ्या रेघा आहेत. आणि जिथं चित्र स्थिर आहे तिथल्या फ्रेम रेंडरच करू नका, एडिटिंगमध्ये एकच फ्रेम दोन सेकंद ताणा. माझा जवळपास एक तृतीयांश गाइड स्थिर आहे, तेवढा वेळ सरळ वाचला.

शेवटी एमपी४, एच.२६४. पिक्सेल फॉरमॅट ४:२:० ठेवा, नाहीतर काही फोनवर नुसता आवाज येतो आणि चित्र काळं.

मला थ्रीडी अजिबात येत नाही. दुसरा मार्ग?

स्टॉप मोशन. खरंच सांगते, छोट्या किटला ते जास्त गोड दिसतं आणि खरे तुकडे, खरा रंग दिसतो. फोन स्टँडवर घट्ट, टेबलावर साधा एकरंगी कागद चिकटपट्टीनं लावलेला, १२ एफपीएस, तुकडा दरवेळी तीन-चार मिमी सरकवायचा आणि फोटो. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करायचं विसरू नका, नाहीतर दर फोटोत उजेड बदलतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. खिडकीचा उजेड नको, ढग आला की संपलं, पडदे ओढून दोन दिवे लावा. सुती शर्ट घाला, तोही गडद, पांढऱ्या शर्टाचा उजेड टेबलावर पडतो. इथंही उलटी युक्ती चालते: जोडलेली गाडी घ्या, एकेक तुकडा काढत फोटो काढा आणि शेवटी व्हिडिओ उलटा चालवा. अर्थात हे गोंद न लावता करायचं.

तोटा एकच, डिझाइनमध्ये एक तुकडा बदलला की ती स्टेप परत शूट करावी लागते आणि तोच उजेड परत मिळणं अवघड.

बोलून सांगू का, म्युझिक घालू का?

आवाजाशिवाय पूर्ण कळेल असा बनवा, मग हवा तर आवाज घाला. वर्गात ३० फोन एकदम बोलायला लागले की काय होतं ते मी बघितलं आहे.

आडवा की उभा?

फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवला जातो, आणि तो बहुतेक वेळा आडवा टेकतो, उभा घसरतो. म्हणून आडवा, १९२० बाय १०८०. वस्तू मधोमध मोठी, कारण दोन फूट अंतरावरून बघितलं जातं.

क्यूआर कोड थेट यूट्यूबला जोडू का?

थेट नको. यूट्यूबवर एकदा टाकलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही, नवीन टाकला की लिंक नवीन. आणि तुमच्या ५०० खोक्यांवर जुना कोड छापून झालेला असतो. कोड तुमच्या स्वतःच्या साइटवरच्या एका छोट्या पानाला जोडा आणि त्या पानावरून पुढं व्हिडिओला पाठवा. चाकांच्या भानगडीनंतर मला फक्त त्या पानावरची एक ओळ बदलावी लागली, दुकानांत पडून असलेल्या जुन्या खोक्यांनाही नवीन गाइड मिळाला.

यूट्यूबवर चॅप्टर नक्की द्या, खाली वर्णनात वेळा लिहिल्या की होतं: पहिली ०:०० हवी, कमीत कमी तीन हव्यात आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा. बैलगाडीचे माझे सात आहेत, चाक, दुसरं चाक, साटा, आस, बाजूचे कठडे, दांड्या, जू. माणूस परत परत मागं-पुढं करतो, त्याला अंगठ्यानं अंदाजे ओढत बसायला लावू नका.

स्वतः फिरवून बघता येईल असं थ्रीडी देता येतं का?

येतं. ब्लेंडरमधून जीएलबी (वेबवर चालणारी थ्रीडी) फाइल काढायची आणि गूगलचं मॉडेल-व्ह्यूअर वापरून वेबपेजवर लावायची, फोनच्या ब्राउझरमध्ये बोटानं फिरतं, वेगळं अ‍ॅप लागत नाही. प्रत्येक पायरी वेगळं अ‍ॅनिमेशन म्हणून ठेवा आणि ‘पुढची’, ‘मागची’ अशी बटणं द्या. काळ्या रेघा यात येत नाहीत आणि तुकडा लपवण्या-दाखवण्याची की-फ्रेम सरळ जात नाही, त्यासाठी मी तुकडा शून्य स्केल करून ठेवते. साटा जोडताना लोकांना हे फार आवडतं, पण लहान मुलं नुसती गाडी गरागरा फिरवत बसतात आणि जोडायचं राहतं, म्हणून मी व्हिडिओ आधी आणि हे त्याच्या खाली ठेवलं आहे.

दुसऱ्या कंपनीच्या किटचा गाइड बनवला तर चालेल का? किंवा लेगोचा?

स्वतः विकत घेऊन, स्वतः जोडताना, स्वतः शूट केलेलं दाखवा. त्यांच्या कागदावरची चित्रं स्कॅन करून हलवू नका, ती कुणीतरी मेहनतीनं काढलेली असतात. लेगोसाठी स्वतः विटा मॉडेल करायची गरज नाही, १९९५ पासून एलड्रॉ नावाची चाहत्यांनीच उभी केलेली भागांची लायब्ररी आहे, आणि स्टुडिओ नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये पायऱ्यांसह सूचना काढायची सोय आहे. प्लास्टिकच्या किटमध्ये, म्हणजे टामिया किंवा गनप्ला वगैरे जपानी किटमध्ये, प्रत्येक तुकड्याला तो ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून तोडायचा तिचं अक्षर आणि नंबर असतो, तोच तसाच वापरा, स्वतःचे नवे नंबर देऊ नका.

किती लोकांवर टेस्ट करू, आणि गाइड पूर्ण झाला हे कसं समजायचं?

मी दरवेळी तिघांना बसवते, एक लहान मूल, एक मोठं माणूस ज्याला हातानं काही करायची सवय नाही, आणि एक ज्याला आहे. तिसरा माणूस महत्त्वाचा, कारण तो गाइड बघतच नाही, अंदाजानं जोडतो आणि नेमका जिथं अंदाज चुकतो तिथं तुमचं डिझाइन फसवं आहे हे कळतं. प्रत्येक वेळी तेच, फोन वरून लावलेला, मी गप्प. जिथं दोघं थांबले ती पायरी परत करते, एकच थांबला तर तिथं एक सेकंद वाढवून बघते.

सध्याचा गाइड पाचवा आहे. त्यात अजून एक जागा राहिली आहे, शिवळ जुवात घालताना लोक ती वरून घालायची की खालून यावर अडतात, तिघांपैकी दोघं अडले. आत जाताना ती जुवाच्या मागं लपते म्हणून असावं. या आठवड्यात जू थोडं पुढं झुकवून परत रेंडर लावते आहे, आणि क्यूआर कोडच्या पानावर ती ओळ बदलली की जुन्या-नव्या सगळ्या खोक्यांना तोच दिसायला लागेल.